तीन नंबरचा हौद

६ जानेवारी

ती. मामांस,
तुमच्या भिंगरीचा नमस्कार.

पोचलो. पोचल्या पोचल्या लिही म्हणाला होतात, त्याला चार दिवस उशीर झाला. इथे पेनं भरपूर आहेत, पण सगळी नोंदवह्यांना दोरीने बांधलेली. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मामी निरोप देताना अर्धा स्वतःच्या मनाचा घालते.

खोलीत आम्ही चौघे. मला खिडकीखालची खाट मिळाली. पिशवी खाटेखाली आहे आणि अजून उघडलेली नाही, फक्त टॉवेल काढलाय. तुम्ही रागावणार हे माहीत आहे. पण मामा, पाच नोकऱ्यांत मी पाच वेळा पिशवी भरली. या वेळी ती भरलेलीच ठेवली तर तेवढी मेहनत वाचेल, असा विचार केला.

काम तुम्हाला काय सांगायचं, छत्तीस वर्षं तुम्ही तेच केलंत. पण आईला वाचून दाखवाल म्हणून लिहितो. कारखान्यातली यंत्रं तापतात. त्यांची उष्णता पाणी घेतं आणि तापून टॉवरवर येतं. टॉवर म्हणजे दोन मजली उंच खोका, वर भला मोठा पंखा. पाणी वरून प्लास्टिकच्या पत्र्यांवर पडतं, पंखा वारा ओढतो, पाणी निवून खालच्या हौदात जमतं, आणि पंप ते परत यंत्रांकडे पाठवतो. तेच पाणी, दिवसभर गोल गोल. म्हणजे माझ्यासारखंच. फिरतं खूप, पोचत कुठेच नाही. असे तीन टॉवर, तीन हौद. मी जाळ्या साफ करतो, पाण्यात औषध सोडतो, मळकं पाणी काढून ताजं भरतो.

तुम्ही दिलेलं पितळी कुलूप मुकादमाने लगेच ओळखलं. बहिऱ्याचं कुलूप, म्हणाला. (माफ करा, इथे तुम्हाला तेच म्हणतात.) नियम पाठ करून घेतला: टॉवरमध्ये शिरायचं तर पंख्याच्या स्विचला आपलं कुलूप, किल्ली आपल्या खिशात, आणि दुसऱ्याच्या कुलपाला देवानेसुद्धा हात लावायचा नाही.

मागच्या फाटकावर पहाऱ्याला असतो तो कप्तान भेटला. तुमचं नाव काढल्यावर उठून उभा राहिला. त्याची चौकी तीन नंबरच्या टॉवरला अगदी चिकटून आहे, वारा फिरला की बारीक तुषार थेट त्याच्या टेबलावर. दर पाच मिनिटांनी चष्मा पुसतो. तुम्हाला निरोप आहे, शब्दाला शब्द: "त्या बहिऱ्याला सांग, रिटायर होताना माझी छत्री घेऊन गेलास, सहा वर्षं झाली. मी इथे भिजतोय."

आईला सांगा जेवण बरं आहे. बरं नाही, पण तसं सांगा.

तुमची,
भिंगरी


१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. तुझ्या आईला वाचून दाखवले, जेवणाचा भाग तू सांगितलास तसा वाचला.

पिशवी उघड. कपडे खुंटीला लाव. खुंटीवर कपडे असले की माणूस दोन वेळा विचार करतो.

कामाबद्दल थोडे. सकाळी गेल्यावर आधी नोंदवही नव्हे, आधी पाणी पाहायचे. हौदाच्या कडेला हात लावायचा. कड खरखरीत लागली तर क्षार साचतोय, बुळबुळीत लागली तर पाण्यात जीवजंतू वाढतायत. कागद नंतर सांगतो, हात आधी सांगतो. तोंडावरचा मास्क उतरवू नकोस, कोणी हसले तरी. तुषार छातीत घ्यायचे नसतात.

माझ्या काळात मी कारखाना एक तासही बंद न करता एकेक हौद रिकामा करून घासून घेत असे. तेव्हाचे मोठे साहेब बघायला आले होते. आपल्या भिंतीवरचे घड्याळ त्याचेच बक्षीस, माझे नाव कोरलेले. कसे करत होतो ते विचारू नकोस. कारागिराने दोन गोष्टी आपल्याजवळ ठेवाव्यात.

कप्तानला सांग, छत्री माझ्याकडे आहे आणि मोडलेली होती, मी दुरुस्त केली, म्हणून आता ती माझी. तो काय म्हणतो ते कळव.

तुझी नोकरी माझ्या शब्दावर लागली आहे, एवढे लक्षात असू दे.

मामा


३ फेब्रुवारी

ती. मामांस, नमस्कार.

कप्तान म्हणतो, दुरुस्तीची मजुरी घ्या आणि छत्री द्या. मजुरी म्हणून तो तुम्हाला रोज एक शिवी देईल, फुकट.

कपडे खुंटीला लावले नाहीत, खुंटी एकच आहे आणि तिच्यावर तिघांचे आहेत. पण मी इथे आहे. महिना झाला. पिठाच्या गिरणीत मी अकरा दिवस टिकलो होतो, तुम्हाला आठवत असेल.

एक विचारायचं होतं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे कडेला हात लावतो. एक नंबर बरा, दोन नंबर बरा, तीन नंबर बुळबुळीत. औषध सोडलं की चार-पाच दिवसांत नीट होतो, वाटतं जमलं बुवा, आणि मग परत तसाच. जणू मी घासून ठेवतो आणि मागून कोणीतरी येऊन शेंबूड लावून जातं.

इथे एक पट्टी असते, ती पाण्यात बुडवून उबेत ठेवायची. दोन दिवसांनी तिच्यावर लाल ठिपके उठतात, जितके ठिपके तितके जंतू. तीन नंबरच्या पट्टीला गोवर आल्यासारखं दिसतं. छोट्या साहेबांना दाखवली. त्यांनी पट्टी पाहिली, मला पाहिलं, आणि वहीत 'ठीक' लिहिलं. मी म्हटलं, साहेब, हे ठीक नाही. ते म्हणाले, औषध वाढव. मी म्हटलं, वाढवलंय. ते म्हणाले, मग होईल ठीक. माणूस वाईट नाही. दोन जणांचं काम एकट्यावर आहे, बोलताना डोळे मिटतात.

कप्तानला खोकला झालाय. म्हणतो जुना आहे, तुमच्याइतका जुना. पण मला तो कोरडा खोकला आवडत नाही.

हल्ली फार थकायला होतं. काम जड नाही, पण तेच तेच घासून परत तेच बघायचं म्हणजे हातापेक्षा डोकं जास्त दुखतं.

तुमची,
भिंगरी


१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

तुझे पत्र वाचून मला नवल वाटले नाही, वाईट वाटले.

गिरणीत पीठ नाकात जात होते. गॅरेजमध्ये मालक वाकडा होता. छापखान्यात शाई अंगाला लागत होती. गोदामात उंदीर होते. ट्रकवर रस्ता होता. आता पाणी. प्रत्येक ठिकाणी आधी दोष सापडतो आणि मग पंधरा दिवसांत तू दारात उभा. मी पस्तिशीच्या आत कधी दोष काढला नाही, कारण मला घर होते.

तीन नंबरला काही झालेले नाही. तो टॉवर मी माझ्या हाताने सांभाळला आहे. औषध मोजून टाक, घाईत टाकतोस. मळके पाणी वेळेवर काढ. आणि साहेबांना उलट उत्तरे देऊ नकोस.

पट्ट्या आमच्या वेळी नव्हत्या, माणसे होती.

कप्तानला म्हणावे सिगारेट सोड.

मामा


२३ फेब्रुवारी

ती. मामांस,

तुमचं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. लिहिलंत ते खरं आहे. उंदरांचं सोडून, ते खरंच मोठे होते.

पण मी पळायला बघत नाहीये, मामा. पळायचं असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं? आजवर पळालो तेव्हा कोणाला काही न सांगता पळालो.

कप्तानने सिगारेट चार वर्षांपूर्वीच सोडली. तुम्हाला माहीत नव्हतं का?

आता नीट वाचा. मला पाढे येत नाहीत, वहीतले आकडे मला मुंग्यांसारखे दिसतात. म्हणून मी पंपघराच्या भिंतीवर खडूने रेघा मारतो. हौद चांगला असेल त्या दिवशी उभी रेघ, बुळबुळीत असेल त्या दिवशी आडवी. पाच आठवड्यांच्या रेघा झाल्या. काल मुकादमाची वाट बघत तिथेच बसलो होतो, सहज बघितलं. आडव्या रेघा मन मानेल तशा नाहीत. त्या रांगेने येतात.

इथे दोन पंप आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. एक आठवडा एक नंबर चालतो, सोमवारी बदलून दोन नंबर. एक नंबर चालू असताना तीन नंबरचा हौद सुधारत जातो. दोन नंबर लावला की मंगळवारी कड बुळबुळीत, गुरुवारी पट्टी लाल. पाच आठवड्यांत तीन वेळा दोन नंबर लागला, तिन्ही वेळा हेच. बाकीचे दोन हौद साफ. पाणी सगळीकडे तेच, औषध तेच, हात माझेच. मग फक्त दोन नंबरच्या पंपातून फक्त तीन नंबरच्या हौदात काय जातं?

नकाशा बघितला. साहेबांनी समजावला. नकाशात त्या दोघांमध्ये काही नाही.

तुम्ही छत्तीस वर्षं तिथे होतात. तुम्हाला काही आठवतं का? मुकादमाला विचारलं तर तो म्हणतो, बहिऱ्याला विचार, त्या पंपघराची नाडी त्यालाच कळायची.

कप्तान तीन दिवस ताप घेऊन घरी होता. आज आलाय, पण खुर्चीतून उठताना टेबल धरतो. त्याला घरी बस म्हटलं तर म्हणतो, घरी भिंतीशी बोलू का. मी त्याला माझा मास्क दिला. तो त्याने कपाळावर लावलाय, टोपीसारखा.

लवकर लिहा.

भिंगरी


८ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पत्र मिळाले. उशीर झाला. माझा गुडघा धरला होता. इकडे सर्व ठीक. तुझ्या आईला नवा चष्मा केला. समोरच्या बिऱ्हाडात नवे लोक आले आहेत, त्यांचा कुत्रा फार भुंकतो असे तुझी मामी सांगते, मला त्रास नाही.

पंपाचे म्हणशील तर जुन्या यंत्रांत असे होते. औषध वाढवावे. खडूने भिंती खराब करू नयेत.

कप्तानची तब्येत कळवावी.

मामा

(मागच्या बाजूला, पेन्सिलीने)
बाळा, मी मामी. यांना न विचारता लिहितेय, पाकीट मीच टाकणार आहे. गुडघ्याचं खोटं आहे. तुझं मागचं पत्र आलं त्या दिवसापासून हे नीट जेवत नाहीत. पत्र एकदा वाचलं, घडी घातली आणि घड्याळाच्या मागे सारलं. रोज काढतात, बघतात, परत सारतात. मी विचारलं तर ऐकू येत नाही असं करतात. एरवी माझं बोलणं यांना ओठांवरून कळतं. तू असं काय लिहिलं होतंस?


१७ मार्च

ती. मामांस,

हे पत्र दवाखान्याच्या व्हरांड्यातून लिहितोय. बाकावर बसायला जागा आहे, टेकायला नाही.

बुधवारी सकाळी कप्तान चौकीत सापडला, टेबलावर डोकं ठेवून. मला वाटलं झोपलाय, थट्टा करायला गेलो. अंग भट्टीसारखं आणि बोलणं असंबद्ध. मला तो तुमच्या नावाने हाक मारत होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या न्यूमोनिया आहे, पण साधा नाही. कोमट साचलेल्या पाण्यात एक जंतू वाढतो, तुषारातून छातीत जातो. त्याचं लांबलचक नाव मी हातावर लिहून घेतलं होतं, हात धुतला तेव्हा गेलं. माणसापासून माणसाला लागत नाही, पाण्यापासूनच लागतो. त्यांनी विचारलं, हे कुठे काम करतात? मी सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

मी तसाच कारखान्यात परत गेलो. छोट्या साहेबांना सांगितलं, तीन नंबर बंद करा. ते म्हणाले वरून परवानगी लागेल, माल भट्टीत आहे, संध्याकाळपर्यंत बघू. मी म्हटलं चौकीत दुसरा माणूस बसवलाय तुम्ही, तो आत्ता श्वास घेतोय. ते म्हणाले, संध्याकाळी.

मग मी काय केलं ते तुम्हाला आवडणार नाही. तीन नंबरच्या पंख्याचा स्विच पाडला, त्याला तुमचं पितळी कुलूप लावलं, टॉवरला जाणारं पाणी बंद केलं, व्हॉल्व्हच्या त्या चाकालाही साखळी घातली. किल्ली खिशात घातली आणि फाटकातून बाहेर पडलो. दुसऱ्याच्या कुलपाला कोणी हात लावायचा नाही. त्यांना वाटलं मी आत आहे. एक तास मला टॉवरमध्ये शोधत होते. मग वाटलं पळून गेला. मुकादमाने खोलीवर माणूस पाठवला, पिशवी भरलेली पाहून सगळ्यांची खात्रीच झाली.

मी इथे आहे. कप्तानच्या उशाशी. दोन टॉवरवर कारखाना अर्धामुर्धा चालतोय.

कुलूप हट्टासाठी नसतं, जिवासाठी असतं, असं तुम्हीच शिकवलंत. आत मी नव्हतो हे खरं. पण जीव होताच की.

मामा, मामीचं पेन्सिलीचं वाचलं. तिला रागावू नका. तुम्हाला काहीतरी माहीत आहे. मी शिकलेला नाही, पण कुठे पाणी मुरतंय एवढं मला कळतं. नोकरी गेली तर जाऊ दे, मला सवय आहे. पण किल्ली मी किती दिवस खिशात ठेवू शकेन? आज ना उद्या कुलूप तोडतील आणि सोमवारी दोन नंबरचा पंप लावतील.

तो अजून छत्री मागतो. तापात.

भिंगरी


२१ मार्च

चि. भिंगरीस,

हे पत्र मामीच्या भावाकडून हातोहात पाठवतो आहे, पोस्टावर भरवसा ठेवण्याइतका वेळ नाही. पुढचे नीट वाच, आणि वाचून झाल्यावर साहेबांना दे.

नकाशात नसलेला पाईप आहे. मी टाकला आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी हौद धुवायला कारखाना बंद करू देत नसत. तेव्हा मी दोन नंबर पंपाच्या मागून एक पाईप काढला, चौदा फूट, पंपघराच्या फरशीखालून, थेट तीन नंबरच्या हौदापर्यंत. टोकाला व्हॉल्व्ह. त्या पाईपातून पाणी इकडचे तिकडे फिरवून मी एकेक हौद रिकामा करत असे. घड्याळ मिळाले ते यासाठीच. साहेबांनी कसे केले ते विचारले नाही, मी सांगितले नाही.

एरवी तो पाईप बंद, म्हणजे आत पाणी उभे. उभे पाणी सडते हे मला माहीत होते. म्हणून रोज सकाळी चहाआधी जाऊन मी तो व्हॉल्व्ह दोन मिनिटे उघडत असे, आतले पाणी बाहेर काढत असे. तेरा वर्षे एकही दिवस चुकवला नाही. रजेच्या दिवशीही जाऊन आलो आहे, मामीला विचार.

निवृत्त झालो त्या दिवशी हार घातले, फोटो काढला. कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. खरे सांगतो. मला वाटले, हौद धुवायची वेळ आली की यांना जमणार नाही आणि मला बोलावतील. मी जाईन, दोन मिनिटांत करून दाखवीन. पहिले वर्ष मी रोज वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी कमी. नंतर पाईपच विसरलो, किंवा विसरलो असे म्हणत राहिलो.

सहा वर्षे त्या पाईपात पाणी उभे आहे. तो व्हॉल्व्ह जुना, आता नीट बसत नसणार. दोन नंबर लागला की दाबाने आतले सडके पाणी तीन नंबरमध्ये ढकलले जाते. तुझ्या रेघा बरोबर आहेत. तुझे फेब्रुवारीचे पत्र वाचले त्या क्षणी मला कळले होते. त्या दिवशी लिहिले असते तर कप्तान आज चौकीत असता. मी गुडघा लिहिला.

मागे नकाशा काढला आहे. पंपाच्या मागच्या कोपऱ्यातली फरशी, जिचा कोपर्‍यात टवका उडाला आहे, ती उचल. दोन्ही पंपांना कुलूप लावल्याशिवाय हात घालू नकोस. चांगला मास्क, कापडी नव्हे. पाणी उडवू नका, हळू बादलीत काढा. आणि पाईप नुसता बंद करू नका, दोन्ही टोकांना कापून काढा. बंद केलेला पाईप पुन्हा कोणीतरी विसरतो.

तुला मी दोष काढणारा म्हटले. ते परत घेतो.

मामा


३० मार्च

ती. मामांस, नमस्कार.

पाईप निघाला. टवका उडालेली फरशी बरोबर तिथेच होती. मुकादम म्हणाला, या फरशीवर मी सहा वर्षं डबा खातोय.

आधी दोन्ही पंपांना कुलपं लावली, माझं, मुकादमाचं, छोट्या साहेबांचंही. साहेब स्वतः खाली उतरले, शर्टाच्या बाह्या वर करून. पाईप कापला तेव्हा आतून पाणी आलंच नाही आधी. मग आलं ते तपकिरी, नासलेल्या सायीसारखं, लोंबत. मास्कमधूनही वास आला.  दोन बादल्या भरल्या, फक्त दोन. एवढ्याशा पाण्यासाठी मी तीन महिने घासत होतो.

सगळे हौद औषधाने धुतले. आता पट्ट्या कोऱ्या येतात. चौकी तिथून उचलून पुढे नेणार आहेत. मला कामावरून काढलं होतं, आता काढलेलं नाही, याचं पत्र कुणी दिलं नाही, पण माझं नाव हजेरीच्या फळ्यावर परत आलंय.

एक केलं ते सांगतो. तुमचं पत्र साहेबांना दिलं नाही. नकाशा तेवढा माझ्या हाताने दुसऱ्या कागदावर उतरवून दिला आणि म्हटलं, ठोकून ठोकून मीच शोधला, फरशी पोकळ वाजत होती. तुमच्या नावाला कशाला डाग? घड्याळ भिंतीवर राहू दे. साहेबांनी पाठ थोपटली, पोरगा हुशार आहे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी असं म्हणालं आणि तेही खोट्यावर. 

कप्तानचा ताप उतरलाय. एक बाजू अजून भरलेली आहे, दोन वाक्यांनंतर थांबतो. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.

भिंगरी


४ एप्रिल

चि. भिंगरीस,

मी लिहिले होते, साहेबांना दे. ते तू माझ्यासाठी बदललेस. एकोणीस वर्षांपूर्वी मीही माझ्यासाठीच लपवले होते. घराण्यात एवढे एकच कसब पुढे जायला नको.

सोबत तोच मजकूर पुन्हा लिहिला आहे, पहिल्यापासून, खाली सही, मामीची साक्ष. तो दे. तू ठोकून शोधलास असे म्हणालास, तर उद्या दुसरा पाईप कोणी कागदावर शोधणार नाही, फरशा ठोकत बसेल.

घड्याळ उतरवले. भिंतीवर पांढरा गोल राहिला आहे, मामी म्हणते तिथे कॅलेंडर लावू.

कप्तानला तू सांगू नकोस. मी सांगेन. कसे, ते सुचत नाही.

मामा


१३ एप्रिल

ती. मामांस,
नमस्कार.

कागद दिला. छोट्या साहेबांनी उभ्यानेच वाचला, मग बसून पुन्हा वाचला. पाठीवरची थाप परत घेतील असं वाटलं, तर त्यांनी वही काढली, ती 'ठीक'वाली, आणि मागची पानं उलटत राहिले. फेब्रुवारीच्या एका पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, यातलं अर्धं माझंही आहे.

कप्तानला मी सांगितलं. तुम्ही नको म्हणाला होतात, पण त्याने तुमचं पाकीट माझ्या खिशात पाहिलं आणि अक्षर ओळखलं. वाचून दाखवावं लागलं. चौदा फुटांपाशी आल्यावर त्याने हात वर केला. मला वाटलं, नर्सला बोलवायचंय.

"मीच धरला होता," म्हणाला. "तो वेल्डिंग करत होता, मी पाईप धरला होता. बोटं भाजली होती माझी."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीस? तो म्हणाला, मला कोण विचारणार, मी फाटकवाला. मला वाटलं बहिऱ्याने जाताना सांगितलं असेल. त्याला वाटलं असेल विचारतील. मग खोकला आला, मग हसला, हसण्याने परत खोकला आला, आणि डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर काढलं.

तो फाटकावर परत जाणार नाही. बाई म्हणाल्या, छाती पूर्ववत होणार नाही, जिने नकोत, गारवा नको. पुढच्या आठवड्यात घरी सोडतील, पण घरी भिंतच आहे. म्हणून तो काही दिवस माझ्या खोलीवर येतोय, एक जण सोडून गेला, खाट रिकामी आहे. त्याचे कपडे आणायला माझ्याकडे काही नव्हतं. माझी पिशवी रिकामी केली, तीच नेली. माझे कपडे आता खुंटीला आहेत, सगळ्यांच्या वर.

आता कामाचं. साहेबांच्या वरच्या साहेबांनी तुमचा कागद वाचला. त्यांचं म्हणणं, पाईप एक निघाला, पण त्या काळातल्या माणसांनी आणखी काय काय करून ठेवलंय ते कुणालाच ठाऊक नाही. पंपघर दाखवायला, फरशीफरशी करून, सगळं नकाशावर चढवायला जुना माणूस हवा. त्यांनी मला विचारलं, मामा येतील का. रागावून विचारलं नाही, मानानेही नाही. थकल्यासारखं विचारलं, इथे सगळे तसेच विचारतात.

सहा वर्षं ज्याची वाट बघितलीत ते बोलावणं हे. असं यायला नको होतं, पण आलंय.

मी फाटकावर घ्यायला येईन. आणि कप्तान म्हणतो, छत्री पोस्टाने पाठवलीत तर तो परत पाठवेल. हातात घेऊन या.

तुमची,
भिंगरी